‘सी’ विषाणूचा कुलवृत्तांत

कुलवृत्तांत लिहिणाऱ्यास मूळ पुरुषाचा माग लागेपर्यंत चैन पडत नाहीं. घरांतील दप्तरें, इनामाच्या सनदा, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, असें जें हातीं लागेल तें घेऊन तो पिढीमागून पिढी जुळवीत जातो. हेपॅटायटिस सी, म्हणजे यकृतदाहाचा ‘सी’ विषाणु, याचें कुल शोधूं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपाशीं असलें कोणतेंहि साधन नव्हतें. हा विषाणु हाडांवर खूण ठेवीत नाहीं. तो शरीरांत शिरला तरी बहुतेकांस कित्येक वर्षें त्याची जाणीवहि होत नाहीं. प्राचीन वैद्यांनीं काविळीचें वर्णन केलेलें आहे खरें. परंतु कावीळ हें अनेक रोगांचें लक्षण असल्यामुळें त्या वर्णनांतून हा एक अपराधी निवडून काढतां येत नाहीं. असें असूनहि या विषाणूचीं घराणीं किती, त्यांचीं मूळस्थानें कोणतीं आणि तीं जगभर केव्हां पांगलीं, हें आज बऱ्याच निश्चयानें सांगतां येतें.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांतील सुमारें ५ कोटि लोकांच्या शरीरांत हा विषाणु ठाण मांडून बसलेला होता, आणि त्या एका वर्षांत त्यानें सुमारें २ लक्ष ४२ हजार लोकांचा बळी घेतला. यकृत हळूहळू निबर होत जाणें, पुढें जलोदर किंवा कर्करोग होणें, हा त्याचा ठरलेला क्रम. शतकानुशतकें आफ्रिका व आशिया खंडांच्या कांहीं कोपऱ्यांत दबून राहिलेला हा रोग विसाव्या शतकांतच सर्व जगभर कसा पसरला, या प्रश्नाचें उत्तर मनुष्याने स्वतःविषयीं विचार करावा असें आहे.

प्रथम त्याच्या शोधाची हकीकत. १९६५ सालीं बारूक ब्लूमबर्ग यांना रक्तांत जें एक नवें द्रव्य आढळलें, तें यकृतदाहाच्या ‘बी’ विषाणूचें होतें असें पुढें ठरलें. १९७३ सालीं ‘ए’ विषाणु सूक्ष्मदर्शकांतून दिसला. आतां रक्त दिल्यानंतर होणाऱ्या काविळीचें कोडें सुटलें, असें पुष्कळांस वाटलें. परंतु अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेंत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी यांनीं जपून ठेवलेलीं रक्तें तपासलीं, तेव्हां कित्येक रोग्यांच्या रक्तांत ‘बी’ हि मिळेना आणि ‘ए’ हि मिळेना. १९७५ सालीं या रोगाला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असेंच नांव पडलें. जो कोण आहे हें ठाऊक नाहीं, त्याला जो नव्हे तें सांगून ओळखण्याचा हा प्रकार पुढें चौदा वर्षें चालला.

हा विषाणु प्रयोगशाळेंतील पेशींत वाढेना आणि सूक्ष्मदर्शकांतहि दिसेना. तेव्हां मायकेल हॉटन, क्वी-लिम चू व जॉर्ज क्वो यांनीं डॅनिएल ब्रॅडली यांच्या साहाय्यानें निराळी वाट धरली. रोग झालेल्या चिंपांझीच्या रक्तरसांतील सर्व जनुकद्रव्याचे तुकडे करून ते जिवाणूंत घातले. त्या तुकड्यांपासून निर्माण झालेल्या प्रथिनांपैकीं रोग्याच्या रक्तांतील प्रतिपिंडें कोणास ओळखतात, हें ते पाहत गेले. सुमारें दहा लक्ष तुकड्यांतून एकच खरा निघाला. १९८९ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षीं रक्तदात्यांच्या तपासणीची सोय झाली. १९९७ सालीं चार्ल्स राइस यांनीं विषाणूचा संपूर्ण मजकूर कृत्रिम रीतीनें तयार करून केवळ त्यापासून चिंपांझीला रोग होतो हें सिद्ध केलें. ऑल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना २०२० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या विषाणूचा सारा मजकूर म्हणजे आर. एन. ए. नामक द्रव्याचा एक धागा. त्यांत सुमारें ९,६०० अक्षरें असतात. मनुष्याच्या जनुकद्रव्यांत हींच अक्षरें सुमारें ३०० कोटि आहेत, हें लक्षांत घेतां विषाणूचा ग्रंथ चिठोऱ्याएवढा ठरतो. परंतु या चिठोऱ्याची नक्कल उतरणारा लेखनिक अत्यंत निष्काळजी आहे. दहा हजारांपासून लाख अक्षरांपर्यंत लिहितांना त्याची एक चूक होते, आणि लिहिलेलें पुन्हां वाचून दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशीं नाहीं. रोग्याच्या शरीरांत रोज सुमारें एक लक्ष कोटि नवे विषाणु निर्माण होतात, असा हिशेब करण्यांत आला आहे. तेव्हां मूळ मजकुरांत एका अक्षराचा जो जो बदल संभवतो, तो तो एकाच रोग्याच्या शरीरांत एकाच दिवशीं कोठेंतरी घडून येतो असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हेच प्रमाद इतिहाससंशोधकाच्या उपयोगीं पडतात. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत असतां प्रत्येक लेखनिक मागील चुका जशाच्या तशा उतरतो आणि त्यांत आपल्या दोनचार घालतो. ज्या दोन पोथ्यांत एकच विशिष्ट चूक आढळते, त्या एकाच मूळ प्रतीवरून निघाल्या असल्या पाहिजेत. या न्यायानें निरनिराळ्या देशांतील रोग्यांच्या विषाणूंचे मजकूर शेजारीं शेजारीं मांडले, तेव्हां त्यांची वंशावळ आपोआप उभी राहिली. तिच्या आज आठ मुख्य शाखा मानतात. कोणत्याहि दोन शाखांच्या मजकुरांत शंभर अक्षरांपैकीं सुमारें तीस निराळीं असतात, आणि प्रत्येक शाखेच्या पोटांत अनेक उपशाखा आहेत.

जेथें एखाद्या शाखेंत सर्वांत अधिक विविधता, तेथें तिचें वास्तव्य सर्वांत जुनें, हा या शास्त्राचा दुसरा न्याय होय. त्याप्रमाणें पाहतां पहिल्या व चौथ्या शाखेचें माहेर मध्य आफ्रिकेच्या बाजूस, दुसरीचें पश्चिम आफ्रिकेंत, पांचवीचें आफ्रिकेच्या दक्षिण भागांत, तिसरीचें हिंदुस्थान व त्याच्या शेजारच्या मुलुखांत आणि सहावीचें आग्नेय आशियांत ठरतें. भारतांतील बहुसंख्य रोग्यांत आजहि तिसरीच शाखा आढळते. सातवी शाखा मूळच्या कांगो देशांतील, तर आठवी मूळच्या पंजाबांतील लोकांच्या रक्तांत मिळाली; आणि नवल असें कीं, दोन्ही ओळखल्या गेल्या त्या कॅनडांत, स्थलांतर करून तेथें गेलेल्या रोग्यांवरून. आठवीची नोंद २०१८ सालीं झाली. कॅरिबियन समुद्रांतील मार्टिनीक बेटावर पश्चिम आफ्रिकेची दुसरी शाखा विपुल आहे. गुलामांच्या व्यापाराबरोबर ती तेथें गेली असावी असें अनुमान आहे. ज्या माणसांचीं नांवेंहि कोणी लिहून ठेवलीं नाहींत, त्यांच्या प्रवासाची नोंद अशा रीतीनें रक्तांत राहिली.

याच्याहि मागें जावयाचें, तर मनुष्याबाहेर पाहिलें पाहिजे. दीर्घ काळपर्यंत या विषाणूला जवळचा नातलगच दिसत नव्हता. २०११ सालीं कुत्र्यांच्या श्वसनमार्गांतून घेतलेल्या नमुन्यांत एक भाऊबंद मिळाला. दुसऱ्याच वर्षीं त्याचें खरें घर घोड्यांत असल्याचें उघड झालें, आणि ‘सी’ विषाणूचा आज ज्ञात असलेला सर्वांत निकटचा आप्त हाच आहे. त्यानंतर वटवाघळें, उंदीर, गाईगुरें, आफ्रिकेंतील एक जातीचीं माकडें, इतकेंच नव्हे तर शार्क मासे यांच्यांतहि या घराण्याच्या दूरच्या शाखा आढळल्या. तेव्हां घराणें फार प्राचीन आहे, यांत संशय नाहीं. परंतु त्यांतील एक शाखा मनुष्यांत कोणत्या प्राण्याकडून आणि केव्हां शिरली, याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं. एडसचा विषाणु आफ्रिकेंतील वानरांकडून मनुष्याकडे आला हें सिद्ध आहे. येथें तशी साखळी जुळत नाहीं. कारण चिंपांझीला टोंचला तर हा रोग होतो, पण रानांतल्या चिंपांझींत हा विषाणु सांपडलेला नाहीं.

कालगणनेंतहि अशीच सावधगिरी लागते. या विषाणूच्या मजकुरांत वर्षाकाठीं दर हजार अक्षरांमागें सुमारें एक अक्षर बदलतें. या गतीवरून पन्नास-शंभर वर्षांचा हिशेब चांगला जमतो. पण हजारों वर्षांच्या हिशेबास तें घड्याळ लावलें कीं तें फसवूं लागतें. एकाच जागचें अक्षर पुनःपुन्हां बदललें म्हणजे मधले बदल पुसले जातात, आणि जे बदल विषाणूला अपायकारक ते कालांतरानें गाळले जातात. म्हणून नुसत्या गुणाकार-भागाकारानें काढलेलें वय खऱ्या वयापेक्षां कमी भरतें. सर्व शाखांचा मूळ पुरुष निदान कांहीं हजार वर्षांपूर्वींचा असावा असें पुष्कळ अभ्यासकांस वाटतें तें यामुळेंच.

आतां या विषाणूनें मनुष्यशरीराशीं कसें जमवून घेतलें तें पाहण्यासारखें आहे. यकृताच्या पेशींत आर. एन. ए. चा एक अगदीं आखूड तुकडा विपुल प्रमाणांत असतो. पेशीच्या स्वतःच्या कारभारासाठीं असलेला हा तुकडा विषाणु आपल्या मजकुराच्या आरंभीं चिकटवून घेतो आणि त्याच्या आधारें मजकुराचा नाश टाळतो. यकृत हेंच त्याचें घर कां, याचें हें एक मोठें कारण. रक्तांतून हिंडतांना तो चरबीच्या कणांचा वेष घेतो. पेशींत शत्रू शिरला असतां धोक्याची सूचना देणारें जें प्रथिन असतें, तें विषाणूची एक कात्री नेमकें तोडून टाकते. म्हणजे पहारेकऱ्याची घंटाच कापली जाते. त्याच्या बाह्य आवरणावर सत्तावीस दुव्यांचा एक भाग इतका चंचल आहे कीं, त्याला ओळखणारीं प्रतिपिंडें तयार होईपर्यंत त्यानें रूप पालटलेलें असतें. म्हणूनच विषाणु शिरलेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें सत्तरांत तो कायमचा राहतो. उरलेले आपोआप बरे होतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या अंगीं एक विशिष्ट जनुकभेद असतो हें २००९ सालीं कळून आलें.

या जुळवून घेण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका दुर्दैवी प्रसंगांतून मिळाला. ज्या मातांच्या रक्तांत ‘र्‍हीसस’ घटक नसतो, त्यांच्या पुढील अपत्यास धोका पोंचूं नये म्हणून त्यांना एक औषध टोंचतात. १९७७-७८ च्या सुमारास आयर्लंडमध्यें आणि १९७८-७९ च्या सुमारास पूर्व जर्मनींत या औषधाच्या कांहीं कुप्यांत ‘सी’ विषाणु होता, आणि शेंकडों निरोगी मातांना तो त्यांच्या लेकरांच्या रक्षणासाठीं दिलेल्या सुईंतून मिळाला. आयर्लंडमधील स्त्रियांच्या विषाणूंची सुमारें वीस वर्षांनंतर तुलना करण्यांत आली. मूळ विषाणु एकच. परंतु प्रत्येकीच्या शरीराचा पहारा जेथें कडक होता, तेथें त्यानें आपलें रूप बदललें होतें. जेथें तिचा पहारा नव्हता आणि मूळ विषाणूंत कांहीं विशेष ठेवण होती, तेथें तो जगांतील सर्वसाधारण रूपाकडे परत वळला होता. नैसर्गिक निवडीचें तत्त्व डार्विननें १८५९ सालीं जें प्रतिपादन केलें, तें येथें एका पिढीच्या आंत, एकेका माणसाच्या यकृतांत घडलेलें दिसलें.

इतकें जुळवून घेतलें तरी या विषाणूची एक मोठी अडचण होती. तो श्वासावाटे किंवा पाण्यावाटे जात नाहीं. त्याला रक्तापासून रक्तापर्यंत वाट लागते. आजारी मातेपासून नवजात बालकास तो होतो तो शंभरांत पांचसहा वेळांच. एकाच शस्त्रानें अनेकांची सुंता करणें, गोंदणें, जखमा करणें, असे आणखी थोडे मार्ग. अशा अरुंद वाटेनें चालणाऱ्या विषाणूला त्याच्या संथपणानेंच तारलें. तो यजमानाला वीस-तीस वर्षें चालतें-फिरतें ठेवतो, आणि तेवढ्या अवधींत त्याला पुढच्या माणसाकडे जाण्याची एखादी संधि मिळाली तरी त्याचा वंश टिकतो.

ही अरुंद वाट मनुष्यानें राजमार्गाएवढी रुंद केली. १८५३ सालीं फ्रान्समध्यें प्रावाझ व स्कॉटलंडमध्यें अलेक्झांडर वुड यांनीं त्वचेखालीं औषध घालण्याची पिचकारी प्रचारांत आणली. १९०१ सालीं लँडस्टायनर यांनीं रक्ताचे गट दाखवून दिल्यामुळें रक्त देणें निर्धोक झालें, आणि १९३७ सालीं शिकागो येथें रक्तपेढी उघडली. प्रत्येक पाऊल लोकांचे प्राण वांचविणारें होतें आणि त्यानें असंख्य प्राण वांचविलेहि. परंतु कांचेची पिचकारी एकाहून दुसऱ्याला, घाईघाईनें उकळून किंवा न उकळतां वापरली गेली, आणि पुढें मादक द्रव्यें टोंचून घेणाऱ्यांनीं एकच सुई हातोहात फिरविली. पहिल्या शाखेच्या ज्या दोन उपशाखा आज सर्व जगांत आढळतात, त्यांचा झपाट्यानें प्रसार मुख्यत्वें १९४० ते १९८० या काळांत झाला, असें त्यांच्या मजकुरावरून निघतें. जपानांत हा प्रसार १९३० च्या सुमारास सुरू झाला, तर अमेरिकेंत १९६० च्या सुमारास. यकृताच्या कर्करोगाची लाट जपानांत आधीं व अमेरिकेंत मागाहून कां आली, याचा उलगडा या एका फरकानें होतो.

सर्वांत मोठें उदाहरण इजिप्त देशाचें. नाईल नदीच्या कालव्यांत राहणाऱ्या गोगलगाईंच्या द्वारें तेथील शेतकऱ्यांच्या शरीरांत एक कृमि शिरत असे. थिओडोर बिल्हार्झ यांनीं तो १८५१ सालीं कैरो येथें शोधला, म्हणून रोगाला बिल्हार्झिया म्हणतात. १९१८ सालीं खार्टूम येथें क्रिस्टोफर्सन यांनीं अँटिमनीचें एक क्षार शिरेंत टोंचून या रोगावर उतार पडतो असें दाखविलें. एका रोग्याला दहाबारांहून अधिक वेळां सुई घ्यावी लागे. इजिप्तच्या सरकारनें गांवोगांव हा उपचार नेला. १९६० नंतर तर त्याची देशव्यापी मोहीम झाली, आणि १९८० नंतरच्या काळांत तोंडानें घेण्याच्या गोळ्या आल्या तेव्हां ती थांबली. कृमि गेले, पण त्याच पिचकाऱ्यांतून चौथ्या शाखेची एक उपशाखा लक्षावधि लोकांच्या रक्तांत उतरली. या उपशाखेचा मजकूर २००३ सालीं तपासला, तेव्हां तिची सर्वांत वेगवान वाढ १९३० ते १९५५ या दरम्यान झाल्याचें घड्याळानें दाखविलें, आणि सुयांच्या प्रसाराच्या इतिहासाशीं तें जुळलें. २००८ सालच्या पाहणींत १५ ते ५९ वर्षे वयाच्या दर शंभर इजिप्शियनांपैकीं सुमारें पंधरांच्या रक्तांत या रोगाचीं प्रतिपिंडें होतीं. एवढें प्रमाण कोणत्याहि मोठ्या देशांत नव्हतें.

या कामीं ज्या डॉक्टरांनीं व दायांनीं उन्हातान्हांत खेडींपाडीं पालथीं घातलीं, त्यांचा हेतु शुद्ध होता आणि विषाणूचें नांवहि तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. तथापि एवढ्यावर हा विषय संपत नाहीं. रक्तांतून कावीळ पसरते, हें विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींच माहीत झालेलें होतें. शत्रूचें नांव माहीत नसतांहि सुई नीट उकळतां येत होती. ज्या ठिकाणीं ती उकळली गेली नाहीं, त्या ठिकाणीं गरीब माणसाच्या वेळेची व प्रकृतीची किंमत कमी धरली गेली, असेंच इतिहासाला लिहावें लागतें.

या हकीकतीचा उत्तरार्ध मात्र आशादायक आहे. विषाणूचा लेखनिक, त्याची कात्री आणि त्याचें आणखी एक प्रथिन, यांची घडण एकदां कळल्यावर नेमकें त्यांनाच निकामी करणारीं औषधें तयार करतां आलीं. २०१३ सालीं सोफोसबुविर हें औषध मान्य झालें. अशीं दोन औषधें एकत्र करून तीन महिने गोळ्या घेतल्या असतां शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी मुळापासून बरे होतात. एका औषधाला चकविणारा फरक विषाणूंत सहज निपजतो. दोघांना एकाच वेळीं चकविणारा निपजणें दुरापास्त असतें. भारतीय कंपन्यांनीं परवान्यानें हीं औषधें स्वस्तांत करूं लागल्यावर तीं सामान्य माणसाच्या आवाक्यांत आलीं. इजिप्तनें २०१८ च्या ऑक्टोबरपासून सात महिन्यांत सुमारें ५ कोटि लोकांचें रक्त तपासलें व ज्यांना रोग होता त्यांना फुकट औषध दिलें. २०२३ सालीं या रोगाच्या निर्मूलनाच्या वाटेवर ‘सुवर्ण’ दर्जा गांठणारा पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें त्याचा गौरव केला. भारतांतहि २८ जुलै २०१८ रोजीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन सरकारी दवाखान्यांतून तपासणी व औषध विनामूल्य मिळूं लागलें.

लस मात्र अद्याप झालेली नाहीं. ज्याचें रूप रोज पालटतें त्याच्यावर लस बसविणें कठीण. बरा झालेला मनुष्यहि दूषित सुई लागली तर पुन्हां आजारी पडूं शकतो. म्हणून या विषाणूच्या कुलवृत्तांताचें पुढील पान कसें लिहिलें जाईल, हें प्रयोगशाळेइतकेंच दवाखान्याच्या टेबलावर ठरावयाचें आहे. प्रत्येकाला नवी सुई, प्रत्येक रक्तपिशवीची तपासणी, न्हाव्याच्या वस्तऱ्याला दर वेळीं नवें पातें आणि गोंदणाऱ्याच्या हातीं शुद्ध केलेलें साधन, एवढ्या साध्या गोष्टी नेमानें पाळल्या गेल्या, तर त्याला पूर्वीच्याच अरुंद वाटेवर परत जावें लागेल. आणि त्या वाटेवर औषध आधींच जाऊन उभें राहिलेलें आहे.